तुरीच्या डब्याची झडती

डॉक्टरांनी सांगितलं की बाबांच्या मेंदूत कसलंसं प्रथिन साचत असावं, आणि मी घरी येऊन तुरीच्या डाळीचा डबा माळ्यावर टाकला.

मधे विचार केलाच नाही असं नाही. इस्पितळापासून अंधेरीपर्यंत मी विचारच करत होतो. मोरीचा पाइप तुंबला तर आपण काय करतो? आधी वरचा नळ बंद करतो, मग काठी घालतो. मेंदूत काठी घालणं आपल्या हातात नाही. नळ बंद करणं आहे. पंपांच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळणाऱ्या माणसाला याहून वेगळं काय सुचणार? घरात शिरलो, मुलीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक मागून घेतलं, प्रथिनांचं पान काढलं, आणि त्या पानावर जे जे छापलं होतं ते ते घरातून हद्दपार केलं. डाळी, कडधान्यं, दूध, अंडी, मासे.

"डॉक्टर म्हणाले का डाळ बंद करा?" बायकोनं विचारलं.

"सगळं काय डॉक्टरांनीच सांगायचं? आपणही जरा डोकं चालवावं."

"तुमचं डोकं चाललं की माझे हाल होतात," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

मी स्टुलावर चढलो आणि तो मोठा, घट्ट झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा गणपतीच्या मखरामागे सरकवला. बाबांच्या समोर बसून आपण वरण ओरपायचं हे बरं दिसत नाही, म्हणून सगळ्या घरालाच वरण बंद. मुलगी मला म्हणाली, "बाबा, परीक्षेत प्रथिनांचे फायदे लिहायला येतात." मी तिला फायदे पाठ करायला सांगितले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. नाहीतर या डब्याचं महत्त्व कळायचं नाही.

बाबा परळकडच्या एका गिरणीत गेटावर जमादार होते. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांची झडती घ्यायची, हे त्यांचं काम. हात वर, एक गिरकी, कमरेपाशी चाचपणी, जेवणाच्या डब्याचं झाकण उघड, जा. कोणी बंडीखाली कापड गुंडाळलंय, कोणाच्या डब्यात भाकरीखाली सुताचं रीळ आहे, हे त्यांना म्हणे लांबूनच कळायचं. "चालण्यार कळता," असं म्हणायचे. छातीवर पितळेचा वाटोळा बिल्ला असायचा. निवृत्त होताना तो परत करायचा असतो. यांनी केला नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या झडत्या घेतल्या, आणि शेवटच्या दिवशी आपण स्वतः बिल्ला घेऊन गेटाबाहेर पडले, कारण त्या दिवशी जमादाराची झडती घ्यायला गेटावर दुसरा जमादार नव्हता. आई होती तोवर ती यावरून त्यांना चिडवायची. ते रागवायचे नाहीत. बिल्ला चिंचेनं घासून चकचकीत करायचे.

आई गेल्यावर ते आमच्याकडे आले. वर्सोव्याच्या रस्त्याला आमची दोन खोल्या-स्वयंपाकघराची जागा, दुसरा मजला. त्यांना आजार कधी सुरू झाला हे आम्हाला कोणालाच सांगता येत नाही, आणि त्याचं कारण मी डॉक्टरांनाही सांगितलं. दुसऱ्याचा बाप एकाएकी संशय घ्यायला लागला तर घरच्यांच्या लक्षात येतं. आमचा बाप संशय घेण्याचाच पगार घेत होता. तो संशय घेत नसता तर आम्ही घाबरलो असतो.

आधी दूधवाल्याची झडती झाली. तो भय्या हसला आणि हात वर करून उभा राहिला. मग विम्याचा एजंट आला होता, त्याची. त्याच्या बॅगेतले सगळे कागद बाबांनी दारात काढून बघितले. तो पुन्हा आला नाही, हा त्यातला फायदा. मग माझी सुरू झाली. सकाळी ऑफिसला निघालो की दाराशी उभे. "हात वर कर. गिरकी." मी गिरकी घ्यायचो. समोरच्या दारातून शेजारीण बघायची. पहिल्या दिवशी लाज वाटली. नंतर नंतर मी चप्पल घालायच्या आधी आपणहून हात वर करायला लागलो, आणि एकदा तर सवयीनं ऑफिसच्या गेटावरही केले.

बायकोच्या अंगाला मात्र ते हात लावायचे नाहीत. गिरणीत बायकांची झडती बाईच घ्यायची, हा नियम त्यांच्या डोक्यात पक्का होता. डोक्यातलं बाकी सगळं ढासळत होतं, पण हा नियम उभा होता. ती बाजारात निघाली की ते दाराशी उभे राहून लांबूनच म्हणायचे, "पिशयी उलटी कर. पदर झाड." ती पिशवी उलटी करायची, पदर झाडायची. वर म्हणायची, "जाऊ का, मामंजी?" तेव्हा ते बाजूला व्हायचे.

इथवर आम्ही हसत होतो. मग एकदा ते गॅलरीत उभे राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की या घरात चोर आहे आणि तो बाहेरून येत नाही. त्यानंतर मी त्यांना इस्पितळात नेलं.

डॉक्टर तरुण होते, विलायतेत शिकून नुकतेच परतलेले. त्यांनी बाबांना वार विचारला. बाबा म्हणाले, "तुमका ठावक नाय?" मग डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ दाखवून हे काय आहे विचारलं. बाबांनी ते नीट निरखलं आणि उलट विचारलं, "कोणाचां?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. मेंदूच्या पेशी प्रथिनं तयार करतात, जुनी झाली की मोडून टाकतात, असा व्यवहार अखंड चालू असतो. या आजारात एक तुकडा नीट मोडला जात नाही. तो विरघळत नाही, चिकटतो. त्याला दुसरा चिकटतो. पेशींच्या मधे त्याचे गोळे होतात, आणि पेशींच्या आत दोऱ्यासारखा गुंता होतो. याला आपण म्हातारचळ म्हणून सोडून देतो, पण हा आजार आहे.

दोऱ्याचा गुंता म्हटल्याबरोबर बाबा एकदम सावध झाले. "साच्यार सूत गुंतलां तर आधी साचो बंद करूक व्हयो," ते म्हणाले. गिरणीत मागाला साचा म्हणतात, हे मी डॉक्टरांना सांगितलं.

"बरोबर आहे आजोबा," डॉक्टर म्हणाले. "पण हा साचा बंद करता येत नाही ना."

"पण बाबांच्या डोक्यात हेच झालंय कशावरून?" मी विचारलं.

"कशावरूनच नाही. जिवंतपणी बघायची सोय नाही. माणूस गेल्यावर मेंदूचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दिसतं. आत्ता आमचा फक्त संशय आहे."

संशय हा शब्द ऐकून बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरांकडे आदरानं पाहिलं. आपल्या खात्यातला माणूस भेटला, असं काहीतरी.

"आणि सगळं हे प्रथिनच करतं?"

"त्यावरही वाद आहेत. ते चोर आहे, की चोरी झाल्यावर मागे राहिलेली खूण आहे, कोणालाच नक्की सांगता येत नाही अजून." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी नीट ऐकायला हवी होती. "वस्तू कुठे ठेवली हे त्यांना आठवत नाही. पण वस्तू गेली कुठे, याचं उत्तर तर हवंच असतं. मेंदू ती जागा रिकामी ठेवत नाही. तिथे चोर बसवतो. बहुतेक वेळा घरातलंच माणूस. जे सगळ्यात जास्त जवळ असतं ते."

मी मान डोलावली. प्रथिन एवढा एकच शब्द घेऊन घरी आलो. त्यानंतरचं वर सांगितलंच आहे.

डबा माळ्यावर गेला आणि दुसऱ्याच दिवशी बाबांचा बिल्ला हरवला.

आम्हाला वाटायचं बिल्ला त्यांच्या ट्रंकेत असतो. ट्रंक उपसली. गादी उलटी केली. बाबा स्वयंपाकघरात जाऊन भिंतीच्या फळीवर हात फिरवायचे, परत यायचे, परत जायचे. त्या फळीवर काय शोधताहेत हे आम्ही विचारलं नाही. ते तरी काय सांगणार होते? फळी रिकामी का वाटते, हे त्यांनाही आठवत नसावं. फक्त काहीतरी गेलं आहे, एवढं पक्कं.

"माझो बिल्लो कोणी व्हेलो?" असं विचारत ते घरभर फिरले, आणि संध्याकाळी बायकोसमोर येऊन थांबले. "हिणाच व्हेलो."

ती पीठ मळत होती. हात तसेच ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणायला हवं होतं ते सगळ्यांना कळेल. मी म्हणालो, "तू आवरताना कुठे इकडेतिकडे तर नाही ना ठेवलास?"

आता ह्या वाक्याला चोरीचा आरोप म्हणत नाहीत. पण त्या रात्री माझ्या ताटात पोळी जरा उंचावरून पडली.

तेव्हापासून रोज तेच. चोर म्हणजे ती. दाराशी पिशवी उलटी केली की बाबा म्हणायचे, "आज नाय आणलंस भायर. फुडे आणशीत." गॅलरीतून खाली उभ्या असलेल्या बायकांना सांगायचे की सून चोरटी आहे आणि जेवायला घालत नाही. यातला दुसरा भाग तर खराच होता. कोकणातला माणूस, जन्मभर माशाच्या आमटीवर वाढलेला, त्याच्या ताटात मी भात, भोपळ्याची भाजी आणि कोकमाचं सार वाढायला लावत होतो. "वराण नाय, मासो नाय. माका उपाशी मारतत," असं ते सांगायचे. खालच्या बायका माना हलवायच्या. म्हाताऱ्याचं पहिलं खोटं मानावं तर दुसरं त्याच्या गालफडांवर दिसत होतं.

रविवारी धाकटी बहीण आली. ती घाटकोपरला असते. बाबांना बघितल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"वहिनी, किती वाळलेत गं बाबा!"

बाबांनी तिचा हात धरला आणि तिला गॅलरीत नेलं. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं. दबक्या आवाजात बोलायची सवय त्यांना कधीच नव्हती. बिल्ला, चोरी, उपास, सगळं. बहीण आत आली ती डोळे पुसत.

"दादा, हे काय चाललंय?"

मी प्रथिनं समजावायला लागलो. पाइपाचा दाखलाही दिला.

"तू गप्प बस रे," ती म्हणाली. "वहिनी, मी तुला विचारतेय. दिवसभर घरात तू असतेस. बिल्ला गेला कुठे? चालत गेला?"

"वन्सं, मला ठाऊक असतं तर मी कपाळाला लावून हिंडले असते," बायको म्हणाली.

"हे बघ, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. गावी चुलतभाऊ आहे, घर आहे. पुढच्या रविवारी येते मी, बाबांना घेऊन जाते गावी. निदान दोन घास पोटात तरी जातील."

चुलतभाऊ आठ-आठ दिवस कणकवलीत असतो आणि घराला मागच्या बाजूला विहीर आहे, तिला कठडा नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"न्या," बायको शांतपणे म्हणाली. "पण त्याआधी बिल्ला सापडला पाहिजे. ते गेले आणि बिल्ला सापडला नाही, तर तुमच्या सगळ्यांच्या तोंडी मी जन्मभर तीच राहीन. सासऱ्याला उपाशी ठेवून त्याची वस्तू ढापणारी. मग मला या घरात राहायचं नाही."

ती तसं बोलली की तसंच करते. मला आठवडा मिळाला होता. या आठवड्यात मी बिल्ला शोधायला हवा होता. मी काय केलं? मी बायकोवर पाळत ठेवली.

त्याचं असं झालं. सोमवारी संध्याकाळी बाबांच्या हाताला लिंबाचा वास आला. आता घरात लिंबू हाताला कशाला चोळतात? मासे खाल्ल्यावर. मंगळवारी त्यांनी भोपळ्याकडे बघून तोंड वाकडं केलं नाही. उपाशी माणूस भोपळ्याला नावं ठेवतो. पोट भरलेला मुकाट खातो. बुधवारी मोरीपाशी एक बारीक चमचमतं खवलं सापडलं. मी ते नखावर घेतलं, ऑफिसच्या चिठ्ठीच्या कागदात पुडी बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पुरावा टाकून द्यायचा नसतो, एवढं तरी मी जमादाराच्या पोटी जन्मून शिकलो होतो.

आणि एकदा संशय आला की त्याला पाय फुटतात. जी बाई लपवून मासे आणते, ती बिल्लाही लपवू शकते, असं माझ्या मनात आलं. वैतागून लपवला असेल. सासऱ्याला गावी पाठवायचं म्हणून लपवला असेल. तिच्याकडे बघताना मी तिच्या चालण्याकडे बघायला लागलो.

मढहून तरीनं खाडी ओलांडून एक कोळीण आमच्या बाजूला यायची, डोक्यावर टोपली घेऊन. गुरुवारी मी ऑफिसला उशिरा निघालो आणि तिला जिन्यात गाठलं.

"दुसऱ्या मजल्यावर मासे देतेस का गं तू? आमच्याकडे?"

तिनं टोपली कठड्यावर टेकवली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या घरात काय शिजतंय ते तुला नाय ठावं?"

"मी विचारतोय ते सांग."

"मी म्हावरा इकते रे भाऊ, चुगल्या नाय. घ्यायचा तर घे, नायतर वाट सोड."

मी वाट सोडली. वर तिनं हाक मारली ती मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेली: "ए बाय, तुझा नवरा जिन्यात उभा हाय गं!" म्हणजे काम बिघडलं.

शनिवारी आम्हाला अर्धा दिवस असतो. मी जेवणाच्या वेळेआधीच निघालो आणि चपला हातात घेऊन जिना चढलो. स्वतःच्या घराचा जिना, दुपारची वेळ, आणि मी अनवाणी. समोरची शेजारीण दारात तांदूळ निवडत होती. तिनं तोंड उघडलं, मी ओठांवर बोट ठेवलं. बाबांच्या आजाराबद्दल आधीच तिला सगळं माहीत होतं. आता हा घराण्यातच आहे अशी तिची खात्री पटली असावी.

दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून मी पाहिलं.

बाबा पाटावर बसले होते. समोर ताटलीत मांदेलीचं तिखलं आणि भात. बायको काटे काढून एकेक घास त्यांच्या हातावर ठेवत होती आणि ते अगदी शहाण्यासारखे खात होते.

"अजून घालू, मामंजी?"

"घाल. पण हळू बोल," बाबा म्हणाले. "सांजेक एक बाई येता ह्या घरात. ती चोरटी असा. तिणा माझो बिल्लो व्हेलो."

"हो का? मग मी काय करू?"

"तू बरी असस. दुपारची बाई बरी. सांजच्या बायेक सांगा नको, नायतर ह्यां पण व्हरात."

"नाही सांगत," ती म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय ते मला पाठीकडून दिसलं नाही.

मी तसाच खाली उतरलो. चपला हातातच होत्या, पोस्टाच्या पेटीपाशी येऊन घातल्या. घरी काय बोलणार? प्रथिनाचा नियम मोडला म्हणून भांडणार? पण भीतीही वाटत होती. इतके दिवस चोरून खाल्लेल्या मांदेलीनं डोक्यातला गाळ किती वाढला असेल? म्हणून मी तडक इस्पितळ गाठलं. डॉक्टर निघायच्या बेतात होते. मी त्यांना दारातच अडवून सगळं सांगितलं: पुस्तकाचं पान, माळ्यावरचा डबा, मांदेली, आणि आता काय करायचं.

डॉक्टरांनी हातातली बॅग परत टेबलावर ठेवली.

"तुम्ही डाळ बंद केलीत," ते म्हणाले.

"हो. आणि दूध. सगळंच."

"तुम्हाला मुतखडा झाला तर घरातली फरशी उपटाल का हो?"

मी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.

"अहो, खाल्लेलं प्रथिन पोटात बारीक बारीक तुटतं. मेंदूतलं ते प्रथिन मेंदूच घडवतो, स्वतःच्या हातानं. ते बिघडलं यात तुमच्या वरणाचा काय दोष? उलट उपासमारीनं माणूस अजून भ्रमिष्ट होतो. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. तिनं त्यांना उभं ठेवलंय."

नमस्कार मी सांगितला नाही. सांगितला असता तर मला तो कुठे मिळाला हेही सांगावं लागलं असतं.

रविवारी सकाळी बहीण आली. बाबांचे कपडे भरायला रिकामी पिशवी घेऊन आली होती. बायकोनं चहा ठेवला. बिल्ल्याबद्दल कोणी कोणाला विचारलं नाही. न विचारताच सगळ्यांना उत्तर माहीत होतं. बाबा खुर्चीत बसून कोण कुठे जातंय ते बघत होते. मी काही न बोलता स्टूल आणलं, माळ्यावर चढलो, मखर बाजूला केलं आणि डबा खाली काढला.

"आता काय?" बायकोनं विचारलं.

"वरण कर," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. बंद डब्यात पोरकिडे झाले असतील म्हणून तिनं सूप घेतलं आणि डबा त्यात उपडा केला. डाळ सुळ्ळकन आली आणि तिच्या मागून ठण्णकन बिल्ला.

पिवळ्या डाळीत तो पिवळा बिल्ला पडला होता. डाळीच्या पिठानं जरा मळला होता, इतकंच.

"अगंबाई," बायको हळूच म्हणाली. "म्हणून मामंजींच्या बंडीच्या खिशात डाळ निघायची. मला वाटायचं कच्ची खातात."

तेव्हा लक्षात आलं. बाबा रोज फळीपाशी जायचे, डब्यात कोपरापर्यंत हात घालायचे, बिल्ला आहे ना ते चाचपायचे आणि परत यायचे. चोराला सापडू नये म्हणून ठेवलेली जागा. डोक्याला ती कळत नसेल, हाताला कळत होती. आणि एके दिवशी मी तो डबाच उचलला.

बहिणीनं बिल्ला उचलला, पदरानं पुसला आणि बाबांच्या हातात दिला. "बाबा, हा बघा. तुम्हीच ठेवला होतात. वहिनीनं नव्हता घेतला."

बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "चोरान भियान परत ठेवल्यान," ते म्हणाले. म्हणजे त्यांच्या दप्तरी चोर कायमच होता. मग त्यांचं लक्ष सुपाकडे गेलं, डब्याकडे गेलं, स्टुलाकडे गेलं. बिल्ला बंडीला लावत ते उठले. त्या क्षणी ते कितीतरी वर्षांनी लहान दिसले.

"हो डबो माळ्यार कोणी ठेवलो?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बहिणीनं पाहिलं. मुलगी आतल्या दारात उभी होती, तिनंही पाहिलं.

"हात वर कर," बाबा म्हणाले.

मी केले. गिरकी घेतली. त्यांचे हात कमरेशी फिरले, बगलेत गेले, आणि शर्टाच्या खिशाशी थांबले. शर्ट बुधवारचाच होता. त्यांनी दोन बोटांनी कागदाची पुडी काढली, सोडली, डोळ्यांजवळ नेली, मग नाकाजवळ.

"मांदेली," ते म्हणाले. "ताजी नाय."

"तुझ्या खिशात मांदेलीचं खवलं कशाला रे दादा?" बहिणीनं विचारलं.

मी हात वरच ठेवले होते. खाली घ्यायचे की नाही ते कळत नव्हतं. पण बायकोला कळलं होतं. तिनं मोरीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. कोळणीची ती हाकही तिला आठवली असणार. बहिणीलाही हळूहळू कळायला लागलं.

"वहिनी, म्हणजे तू बाबांना मासे घालत होतीस?"

"मग काय उपाशी मारू?"

"मला सांगितलं का नाहीस मागच्या रविवारी? मी काय काय बोलले तुला."

"यांच्यासमोर कशी सांगू? यांचं संशोधन चाललं होतं ना."

बहिणीनं आणलेली पिशवी घडी करून काखेत मारली. गावाचा विषय तिनं काढला नाही. बायकोशेजारी फतकल मारून बसली आणि सुपातली डाळ निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "वहिनी, यात किडे फार नाहीत गं." तिच्या परीनं ती माफीच मागत होती. बायकोनंही ती घेतली. म्हणाली, "वन्सं, जेवून जा."

बाबा बरे झाले नाहीत. त्यातून कोणी बरं होत नाही. दुसऱ्या दिवशी बिल्ला परत बंडीवरून गेला. तो तांदळाच्या डब्यात आहे हे बायकोला ठाऊक होतं, पण ती सांगत नव्हती आणि तो डबा फळीवरून तसूभर हलवू देत नव्हती. संध्याकाळी ती चोर असायची, दुपारी चांगली बाई. दोन्ही नोकऱ्या करत होती.

पण हे नंतरचं. त्या रविवारी जेवणं झाली. बाबा वरणभात आणि मांदेली, दोन्ही उघड उघड खाऊन झोपले. बहीण गेली. मी भांडी उचलू लागलो. हे मी सहसा करत नाही, आणि ते बायकोच्या लक्षात आलं. ती ती पुडी हातात घेऊन उभी होती. कागदावर आमच्या कारखान्याचं नाव आणि मधोमध ते खवलं.

"डॉक्टर काय म्हणाले होते हो?" तिनं विचारलं. "मामंजींच्या डोक्यात काय साचलंय ते ते गेल्यावरच बघता येईल, असंच ना?"

"हो."

"तुमच्या डोक्यात काय साचलंय ते मला तुम्ही जिवंत असतानाच बघायला मिळालं," ती म्हणाली. "आता ती कढई घासा."